नाव नंतर, आधी गेलेल्यांची दारं

"ताई, आमच्या सायकल मंडळाला यंदा तेरा वर्षं झाली. गल्लीतल्या आठ-दहा पोरांनी सुरू केलं, म्हणून नावात गल्लीचं नाव आणि पुढं 'युवक सायकल मंडळ'. २०२१ मध्ये वर्गणी भरलेले १३२ सभासद होते. यंदा ३४ आहेत. रविवारच्या राइडला सहा-सात जण येतात, त्यातले चार कार्यकारिणीचेच. जे दमदार होते ते बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, नादाला लागले, आता आमच्याबरोबर येत नाहीत. नव्या पोरांचं म्हणणं, नाव जुनाट आहे, गणपती मंडळासारखं वाटतं. इंग्रजी नाव घेऊया, शेवटी 'रायडर्स', नवा लोगो, नवी जर्सी. इंग्रजी नाव असलं की कन्नड लोकही येतील आणि भाषेवरून कुणाला बोलायला जागा राहणार नाही, असंही ते म्हणतात. खर्च साठ हजार. खात्यात एकाहत्तर हजार आहेत. जुनी माणसं म्हणतात, नाव बदललंत तर आमचे राजीनामे घ्या. मी सचिव आहे, वय ४७. दोन्हीकडून ओढाताण चाललीय. काय करू? मंडळाचं नाव छापू नका."
(एक सचिव, बेळगाव)

सचिवदादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नाव, लोगो, जर्सी, खर्च, राजीनामे, सगळं त्यात आहे. मंडळ सोडून गेलेल्या ९८ माणसांबद्दल मात्र एक ओळही नाही. बीआरएमवाले सोडले तर बाकीचे का गेले, हे तुम्ही कुणाला विचारलंय असं पत्रावरून वाटत नाही. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. साठ हजार खात्यातच राहू देत. नावाचा ठराव वर्षभर बाजूला ठेवा. आणि पुढचे दोन महिने गेलेल्या माणसांच्या घरी जा.

हे मी स्वतःवरून सांगते. २०२० च्या टाळेबंदीनंतर, वयाच्या ५३ व्या वर्षी, मी गिअरची सायकल घेतली आणि आपल्याच भागातल्या एका क्लबात नाव घातलं. शाळेत असताना शहापूरहून कॅम्पात सायकलनं जायची, तेवढीच काय ती सवय. पहिलं दीड वर्ष फार छान गेलं. मग राइडचा वेग वाढत गेला. २०२२ च्या जुलैतल्या एका रविवारी आम्ही जांबोटीकडे निघालो. बारीक पाऊस होता. पिरनवाडी मागं पडली, किणयेच्या अलीकडं चढाला मी मागं राहिले, आणि थोडं पुढं जाते तोवर मागचं चाक बसलं. हाक मारली, पण सगळे वळणापलीकडे गेले होते. फोन लावले, कुणी उचलले नाहीत. शेताच्या बांधावरून एक मामा आले. "एकट्याच थांबलाय व्हय ओ? पंप हाय आमच्यात, खरं पिन बसतीय काय बघूया." घरातून पंप आणला. माझ्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, त्यांचा पंप साध्या सायकलचा. पिन बसेना. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून बघितला, वरून सुतळी आवळून बघितली. हवा भरली की फुस्स करून बाजूनं निघून जायची. अर्धा तास ते पावसात माझ्या चाकाशी बसले होते. शेवटी दुधाचा टेम्पो थांबवून सायकल कॅनांच्या मधे आडवी घातली आणि मला पिरनवाडीला पोचवायला सांगितलं.

त्या वेळी आमचा ग्रुप कुसमळीच्या पुलावर फोटो काढत होता. दुपारी फोटो आले. त्यात मी नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार मी गेले नाही. चौथ्या आठवड्यात क्लबाकडून मेसेज आला, वर्गणी बाकी असल्याचा.

त्या क्लबाचं नाव चांगलं होतं. जर्सी तर फारच सुंदर होती, निळी, पाठीला तीन खिसे. ती अजून माझ्या कपाटात घडी घालून ठेवलीय. तुमच्याकडं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. खरं तुमच्या ९८ जणांपैकी काहींच्या कपाटात अशीच एखादी जर्सी असणार, आणि ती तिथं का गेली हे त्यांनाच माहीत आहे.

आता त्या १३२ आकड्याबद्दल. तो मनातून काढून टाका. २०२० आणि २०२१ ही वर्षं साधी नव्हती. जिम बंद, शाळा बंद, पुण्या-बेंगळुरूला नोकरीला गेलेली पोरं घरी येऊन बसलेली. बाचीला आणि कोगनोळीला राज्याच्या सीमेवर तपासणी नाके, गाडी काढून कुठं जायची सोय नाही. रस्ते मोकळे होते आणि माणसं घरात कोंडली होती. दुकानात हवी ती सायकल मिळत नव्हती, इतकी मागणी. त्या लाटेत जे आले, त्यातले बरेच लाट ओसरल्यावर जाणारच होते. पोरं परत पुण्याला गेली, त्याला तुमचं मंडळ काय करणार? तुम्ही २०१९ चं पावती पुस्तक काढा आणि त्या वर्षी वर्गणी भरलेले किती होते ते बघा. तुमची तुलना त्या आकड्याशी. समजा तेव्हा साठ होते, तर तुमचा खरा तोटा पंचवीस-तीस माणसांचा आहे. आणि पंचवीस-तीस घरं म्हणजे दोन महिन्यांचे रविवार.

असं फुगणं आणि ओसरणं सायकलच्या जगाला नवं नाही. अमेरिकेत 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' नावाची संघटना १८८० मध्ये सुरू झाली. तिकडं सायकलचं वेड शिगेला पोचलं तेव्हा, १८९८ मध्ये, तिचे सभासद लाखाच्या वर गेले होते. चारच वर्षांत, १९०२ पर्यंत, दहा हजारही उरले नाहीत. नाव तेच होतं, बिल्लाही तोच. वेड सरलं, आणि वेडापलीकडं माणसांना धरून ठेवेल असं पुरेसं काही उरलं नाही.

पण याच संघटनेची पुढची गोष्ट तुमच्या नव्या पोरांच्या बाजूनं बोलते, तीही सांगायला हवी. १९९४ मध्ये त्यांनी नावातला 'व्हीलमेन' काढला आणि 'बायसिकलिस्ट्स' घातला. सायकलवर बायकाही होत्या आणि नावात फक्त पुरुष होते. इंग्लंडमध्ये त्याच्याही आधी असं झालंय. १८७८ चा 'बायसिकल टूरिंग क्लब' १८८३ मध्ये 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' झाला, कारण तीनचाकी सायकल चालवणाऱ्यांनाही आत घ्यायचं होतं. त्याच संस्थेनं २०१६ मध्ये 'सायकलिंग यूके' हे नाव घेतलं. १८८३ मधला तो बदल मला फार आवडतो. कोण दाराबाहेर उभं आहे हे त्यांनी आधी बघितलं आणि मग दारावरची पाटी बदलली.

आता तुमची पाटी बघूया. 'युवक'. सचिवदादा, तुम्ही ४७ वर्षांचे. राजीनाम्याची धमकी देणारे तुमच्याहून मोठे असणार. त्या ३४ जणांत बायका किती आहेत? पत्रात एकही उल्लेख नाही, म्हणून विचारते. तुमची पाटी वाचून मी आत येणार नाही. त्यावर लिहिलेला माणूस मी नव्हे. नव्या पोरांना नावात काहीतरी खटकतंय, ते बरोबर आहे. फक्त त्यांनी बोट चुकीच्या शब्दावर ठेवलंय. 'मंडळ' शब्दात काही वाईट नाही. आपल्या बेळगावात मंडळानं रक्तदान केलंय, वाचनालयं चालवलीत, पुरात भाकऱ्या पोचवल्यात. गल्लीचं नावही राहू दे, माणसाला कुठूनतरी निघावं लागतंच. 'युवक' तेवढा काढा. एक शब्द. त्याला जुन्या माणसांनी राजीनामे द्यायचं कारण नाही.

तोही लगेच काढू नका. संस्था १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल तर सर्वसाधारण सभा, ठराव, निबंधकांकडे अर्ज, मग पॅन, मग बँक, असा फेरा आहे. चार-सहा महिने तुमचेच जातील त्यात, आणि त्या काळात राइडकडं कोण बघणार?

भाषेचा मुद्दा मी टाळणार नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची निघणारी सायकल फेरी आपण लहानपणापासून बघत आलो. सायकल आणि मराठी पाटी एकत्र दिसली की शेजारच्या कन्नड माणसाच्या मनात काय येईल, ही पोरांची धास्ती मला कळते. पण इंग्रजी नाव हा त्यावरचा उपाय वाटत नाही. तुमच्या शेजारचा कन्नड माणूस मराठी पाटीच्या दुकानात जातो, मराठी डॉक्टरकडं जातो, आणि तुमच्याशी मोडकंतोडकं का होईना मराठी बोलतो. नावामुळं तो अडत नाही. तो अडतो शनिवारी रात्री ग्रुपवर 'उद्या पहाटे ५.३०, नेहमीच्या ठिकाणी, सुळग्याहून पुढं' असं फक्त मराठीत येतं तेव्हा, आणि रविवारी चहाच्या टपरीवर तासभर मराठीतच गप्पा रंगतात तेव्हा. सूचना दोन्ही भाषांत टाका. तुमच्या ३४ जणांत कन्नड लिहिता येणारा एक तरी असेलच, आपली पोरं शाळेत शिकलीत. नावाला मराठी राहू द्या, त्याची लाज किंवा भीती बाळगू नका, आणि 'बन्नी री', म्हणजे 'या हो', म्हणायला लाजू नका. वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला जाऊन चहा घेणारा माणूस एका सकाळी दोन राज्यं फिरून नऊच्या आत घरी येतो. त्याला दोन भाषा जड नाहीत.

मग करायचं काय, ते सांगते.

पावती पुस्तकातून यादी काढा. फोन करू नका, ग्रुपवर तर काहीच टाकू नका. एका वेळी दोघांनी जायचं, एक जुना आणि एक नवा. राजीनामा देणारे आणि लोगो काढणारे एकत्र सायकलवरून एखाद्याच्या दारात गेले, तर त्यांचं आपापसातलं भांडणही निम्मं निवेल असं मला वाटतं. दारात गेल्यावर वर्गणीचं नाव काढायचं नाही. 'परत या' असंही लगेच म्हणायचं नाही. एकच विचारायचं, 'तुमची आमच्याबरोबरची शेवटची राइड कुठली?' माणूस ती राइड सांगायला लागला की कारण आपोआप बाहेर येतं. कुणाचे गुडघे गेले असतील. कुणाला ट्रकनं हूल दिली असेल आणि घरच्यांनी सायकल बंद केली असेल, विशेषतः ऊस चालू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटे दिवे नसताना पळतात तेव्हा. कुणी म्हणेल, तुम्ही थांबला नाहीत. हे शेवटचं ऐकताना समजावत बसू नका, वहीत लिहून घ्या.

मग रविवारची राइड दोन करा. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एकच राइड ठेवली की ती आपोआप वेगवान माणसाची होते. कुणी मुद्दाम करत नाही, पायात दम असला की माणूस पुढं जातोच. बीआरएमवाल्यांना तुम्ही दोष देऊ नका. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० चाळीस तासांत पुरं करायचं असेल तर त्यांना आपल्याबरोबर रमतगमत येऊन कसं चालेल? त्यांना त्यांचा रस्ता द्या, मान द्या, आणि महिन्यातून एक रविवार मागून घ्या. ज्येष्ठात माउलींचे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून आळंदीला निघतात. त्या दिवशी अंकलीपर्यंत जाऊन दर्शन घेऊन यायची लांबची राइड त्यांच्याकडं सोपवा. अशा कामात ती पोरं जीव ओततील.

बाकीचे तीन रविवार हळू राइड. येळ्ळूरपर्यंत, राकसकोपपर्यंत, ज्याला जसं जमेल तसं. तिचा नियम एवढाच, की सगळ्यात शेवटी मंडळाचा एक ठरलेला माणूस राहील, आणि त्याच्या मागं कुणीही असणार नाही. निघताना मोजायचं, चहाला मोजायचं, परत आल्यावर मोजायचं. त्या शेवटच्या माणसाच्या पाठीवर पंप, ट्यूब, पंक्चरचं सामान आणि बारीक व्हॉल्व्हला लागणारी पितळी पिन. ती पिन अगदी थोड्या पैशांत मिळते आणि साध्या पंपाला बारीक व्हॉल्व्ह चालायला लागतो. त्या दिवशी किणयेच्या मामांकडं ती असती तर मी स्वतःच्या पायांनी घरी आले असते.

कन्नडमध्ये हळू म्हणजे 'निधान'. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. नव्या पोरांना काही नवं नाव द्यायचंच असेल तर मंडळाला हात न लावता या राइडला द्यावं, 'निधान राइड'. लोगोसुद्धा हिचाच काढा म्हणावं. दोन्ही भाषांतल्या माणसांना आपापल्या परीनं कळेल, आणि दोन्ही अर्थ खरे आहेत.

साठ हजारांतले थोडे पैसे मात्र खर्च करा. तीन-चार जुन्या सायकली घेऊन नीट करून ठेवा. नवीन येणाऱ्याला पहिल्या महिन्याला मंडळाची सायकल वापरायला द्या. आपण लहानपणी तासाच्या भाड्यानं सायकल आणून, दांड्याखालून पाय घालून शिकलो. चाळीस हजारांची सायकल असल्याशिवाय मंडळात यायचं नाही असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर आपण शिकलोच नसतो. आज अशी पाटी कुठं लावलेली नसते, तरी नवा माणूस सगळ्यांच्या सायकली बघून ती वाचतो.

आणि एक विनंती. पहाटे तुम्ही हेल्मेट घालून निघता तेव्हा उद्यमबागेकडं फाउंड्रीत पहिल्या पाळीला जाणारे कामगार डबा हँडलला अडकवून साध्या सायकलनं चाललेले असतात. तो माणूस वर्षाचे तीनशे दिवस सायकल मारतो. बेळगावात सायकल कुणी टिकवली असेल तर त्यानं. त्याला तुमच्यापैकी कुणी कधी नमस्कार तरी केलाय का? आठवीच्या मुलामुलींना सरकारनं फुकट सायकली द्यायला २००६-०७ मध्ये सुरुवात केली होती. कोविडच्या काळात ते वाटप थांबलं. त्या आधीच्या सायकली खानापूरकडच्या कितीतरी घरांत अजून आहेत, चेन गंजलेली, टायर चिरलेलं, अंगणात भिंतीला टेकलेल्या. महिन्यातून एक दिवस एखाद्या गावात जाऊन त्या सायकली चालत्या करून द्या. ब्रेकच्या रबरी, केबल, ट्यूब, चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला एक जाणता मेस्त्री, एवढं पुरे. तिथं तुमचं मंडळ कन्नड की मराठी, युवक की रायडर्स, हे कुणी विचारणार नाही. आणि त्या मेस्त्रीला मंडळाचा मानद सभासद करा. शहापुरात माझी सायकल बघणारे एक मामा आहेत, पंचाहत्तरीचे. स्पोकवर नख मारून आवाजावरून सांगतात कुठली सैल आहे. आमच्या त्या क्लबात दीड वर्षात त्यांना एकदाही कुणी बोलावलं नाही.

तुमच्या जुन्या माणसांना माझा निरोप सांगा. राजीनामा खिशात असू दे, आधी दहा घरं फिरून या. नव्या पोरांना सांगा, लोगोचं चित्र जपून ठेवा, वर्षानं बघू. वर्षानंतर सभा घ्याल तेव्हा त्या वहीत काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच नावाचा विषय काढा. तेव्हाही बहुतेकांना नाव बदलायचं वाटलं, तर बदला. त्यात हरल्यासारखं काही नाही.

आणि पहिल्या हळू राइडची तारीख ठरली की मला कळवा. मी येईन. माझं मागचं चाक जरा आउट झालंय, ते आधी शहापुरात मामांकडं देऊन ठेवते.